वानरांच्या टोळीचा पुढारी

गेल्या माघांत मालवण तालुक्यांतील एका खेड्यांत आमचा आठ दिवस मुक्काम पडला होता. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. मालवणापासून देवगडापर्यंत किनाऱ्याच्या मागें जांभ्या दगडाचे जे सडे पसरले आहेत, त्यांच्या कुशींत असलीं गांवें पुष्कळ आहेत. खालीं माडांच्या बागा, मधल्या उतारावर आंबा व काजू, वर उघडा सडा, आणि सड्याच्या एका घळींत देवाची म्हणून राखलेली दाट राई. या राईंत वानरांची एक टोळी रात्रीं वस्तीस असे, आणि उन्हें जरा वर आलीं कीं ती आंब्याच्या मोहोरावर उतरे. बाग आमच्या आप्तांची. टोळीच्या येण्याकडे त्यांचें लक्ष एका कारणानें लागलेलें असे, आणि आमचें अगदीं दुसऱ्या.

पहिल्या दोन दिवसांत आम्हीं जें पाहिलें तें कोणीहि पाहिलें असतें. टोळींत एक धिप्पाड नर होता. सकाळीं सर्वांत उंच शेंड्यावर बसून तो 'हुप् हुप्' असा घुमारा काढी. सड्यापलीकडून दुसऱ्या टोळीचा नर त्यास तसेंच उत्तर देई. मग आमचा नर फांद्या कडाकडा मोडीत या झाडावरून त्या झाडावर झेपा घेई. यालाच आपले लोक हुप्प्या म्हणतात. टोळीचा राजा तो हाच, आणि टोळी जाईल ती याच्याच हुकुमानें, असें धरून आम्ही दुर्बिणीचा रोख त्याच्यावर ठेवून बसलों. तिसऱ्या दिवशीं बागेची राखण करणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उकिडवे बसले. दुर्बीण कोणीकडे आहे हें त्यांनीं पाहिलें, आणि हंसून म्हणाले, "हुप्प्याक कोण इचारता? ती म्हातारी खाली इली काय सगळी मागसून येतत."

ही म्हातारी आम्हांस शोधावी लागली. एका कानाची कड फाटलेली, अंगावरचे केंस विरळ झालेले, अशी एक मादी राईच्या कडेच्या उंबरावर अगदीं खालच्या फांदीवर पाठमोरी बसली होती. कांहीं वेळानें ती उतरली, गडग्यावर येऊन बसली, आणि एकदां तिनें मागें वळून पाहिलें. प्रथम दोन लेकुरवाळ्या माद्या उतरल्या, मग पोरांचा घोळका, आणि पाव तासाच्या आंत सगळी टोळी गडगा ओलांडून बागेंत आली. हुप्प्या शेवटून दुसरा होता.

आमचे दोन दिवस फुकट गेले याचें आम्हांस फारसें वाईट वाटलें नाहीं. कारण ज्या चुकींत आम्ही दोन दिवस होतों, तींत जगांतील मोठमोठे पंडित दोन पिढ्या राहिले आहेत. त्या चुकीचा व ती सुटण्याचा वृत्तांत मनोरंजक असून त्याचा कांहीं भाग आपल्या घराजवळच घडलेला आहे. म्हणून तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आधीं शब्दांकडे पाहूं. मराठींत 'पुढारी' म्हणजे पुढें असणारा. 'म्होरक्या' म्हणजे म्होरें असणारा. संस्कृतांतला 'अग्रणी' हाहि अग्रभागींच चालतो. वानरांच्या बाबतींत आपल्या प्राचीनांनीं वापरलेला शब्द 'यूथपति', म्हणजे कळपाचा धनी. एका जातीचे शब्द जागा दाखवितात, दुसऱ्या जातीचा शब्द मालकी दाखवितो. आणि आपलें मन असें घडलें आहे कीं जो पुढें दिसेल किंवा जो दांडगाई करील त्यासच आपण नेतृत्व बहाल करून मोकळे होतों. 'नेता' हा शब्द मात्र निराळा आहे. त्याचा धातु नेण्याचा आहे. जो इतरांस घेऊन जातो तो नेता, मग तो पुढें असो, मागें असो, कीं मध्यें कोठें तरी दडलेला असो. या अर्थानें नेता ओळखावयाचा तर नेत्याकडे पाहून भागत नाहीं. मागून कोण येतें आणि केव्हां येतें तें पाहावें लागतें.

सिंधुदुर्गांतील माणसास वानरांची पहिली ओळख होते ती रामकथेंतून. कुडाळाजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कलावंत चित्रांच्या पोथ्या मांडून पिढ्यान् पिढ्या रामायणांतील आख्यानें सांगत आले आहेत. त्या कथेंत वानरांची एक टोळी अनोळखी मुलुखांतून चालली असतां तिच्यांत पुढारीपण कसें उत्पन्न होतें, याचें जें चित्र आलें आहे, तिकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडांत सुग्रीव सीतेच्या शोधार्थ चार दिशांस चार टोळ्या धाडतो. पूर्वेस विनत, पश्चिमेस सुषेण, उत्तरेस शतबलि आणि दक्षिणेस अंगद असे त्यांचे नायक. नेमणूक सरळ वरून झालेली आहे, आणि अंगद तर युवराज आहे. पण दक्षिणेची टोळी विंध्याच्या रानांत तहानेनें व्याकुळ झाली, तेव्हां युवराजपणाचा उपयोग होईना. एका बिळांतून ओल्या पंखांचे पक्षी बाहेर पडत आहेत हें पाहून आंत पाणी असलें पाहिजे असा तर्क काढला तो हनुमंतानें. आणि अंधारांत एकमेकांस धरून टोळी आंत शिरली ती त्या तर्काच्या जोरावर. पुढें महिन्याची मुदत संपली. सुग्रीवाच्या धाकानें अंगदाचा धीर सुटला व त्यानें उपोषण करून प्राण देण्याचा विचार मांडला. नायकानें मांडलेला हा विचार टोळीस इतका पटला कीं पुष्कळ जण त्याच्याबरोबर बसलेहि. म्हणजे नायकाच्या मागून जाणें नेहमींच सुखाचें नसतें हेंहि कवीनें दाखविलें आहे. अखेरीस समुद्राच्या कांठीं प्रश्न आला कीं उडी कोणीं मारावी. प्रत्येकानें आपापली शक्ति सांगितली. कोणी दहा योजनें म्हणाला, कोणी वीस, असें करीत करीत अंगद शंभरांवर आला, पण परत येण्याची खात्री देईना. तेव्हां वृद्ध जांबवानानें त्यास थोपविलें आणि बाजूस गप्प बसलेल्या हनुमंताकडे वळून त्यास त्याच्या बळाची आठवण करून दिली.

येथें पुढारी कोण? नेमलेला अंगद, उडी मारणारा हनुमान, कीं कोणास उठवावें हें ओळखणारा म्हातारा जांबवान? (तो वानर नव्हे, ऋक्ष आहे, ही गोष्ट सूक्ष्मदृष्टि वाचकांच्या ध्यानांत असेलच.) एकाच प्रवासांत नेतृत्व तीन ठिकाणीं फिरतें, आणि दर वेळीं तें प्रसंग ठरवितो. काव्य म्हणजे निरीक्षण नव्हे हें आम्ही जाणतों. तथापि ज्या देशांत वानर अंगणांत उतरतात त्या देशाच्या कवीस टोळीची रीत थोडीशी माहीत असावी, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

आधुनिक शास्त्राचा आरंभ मात्र याहून फार वाईट ठिकाणीं झाला. १९२५ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत खडकांची एक कृत्रिम टेकडी करून तिच्यावर सुमारें शंभर हॅमाड्रायस बबून सोडण्यांत आले. बबून म्हणजे कुत्र्यासारखें लांब तोंड असलेलें आफ्रिकेंतील माकड. त्यांतील ही जात प्राचीन इजिप्तांत पवित्र मानीत. टेकडीवर सोडलेल्यांत बहुतेक सगळे नर होते, माद्या अगदीं थोड्या. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुढील कांहीं वर्षें त्या टेकडीवर रक्तपात चालला, आणि त्यांत नर मेले, माद्या मेल्या, पिलेंहि मेलीं. सॉली झुकरमन या शास्त्रज्ञानें या टेकडीचा अभ्यास करून १९३२ सालीं माकडांच्या समाजजीवनावर ग्रंथ लिहिला. माकडांचा समाज बलिष्ठ नराच्या वर्चस्वावर व कामवासनेवर उभा असतो, हें त्याचें तात्पर्य पुष्कळ वर्षें प्रमाण मानलें गेलें. तुरुंगांत कोंडलेल्यांवरून गांवाची रीत ठरवावी तसा हा प्रकार होता! ज्यांस कोठें जावयाचेंच नाहीं, त्यांच्यांत वाट दाखविणारा कोण हा प्रश्नच उद्भवत नाहीं. मग दिसतो तो केवळ मारणारा आणि मार खाणारा.

याच सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत चार्ल्स मॅककॅन आपल्याकडील वानरांविषयीं टिपणें लिहीत होता. १९२८ व त्यानंतरचीं तीं टिपणें रानांत हिंडणाऱ्या माणसाचीं आहेत. त्यांत सिद्धांताचा आव नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, सिद्धांतांच्या बाजारांत त्यांस मोल आलें नाहीं. पुढें १९३८ सालीं क्लॅरेन्स कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतून सुमारें चारशें तांबड्या तोंडाचीं माकडें जहाजानें नेऊन कॅरिबियन समुद्रांतील कायो सांतियागो या बेटावर मोकळीं सोडलीं. तीं कोंकणांतलीं नव्हेत, उत्तरेकडील होत. आपल्या किनाऱ्यावरचें माकड निराळ्या जातीचें असून त्याच्या डोक्यावरचे केंस टोपीसारखे पसरलेले असतात. कार्पेंटरनें एका कळपांतील सर्वश्रेष्ठ नर कांहीं काळ काढून पाहिला, तेव्हां त्या कळपाचा वावरण्याचा मुलूख आकुंचित झाला असें त्यास आढळलें. ही नोंद महत्त्वाची आहे, आणि आम्ही पुढें तिच्याकडे परत येऊं. शेजाऱ्यांस दूर ठेवणें हें नराचें काम, इतकें तिच्यावरून निघतें. कळपानें कोठें जावें हें तोच ठरवितो असें निघत नाहीं. परंतु त्या काळीं हे दोन प्रश्न वेगळे आहेत असें फारसें कोणास वाटत नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासक खरोखरीच्या रानांत गेले. शेरवुड वॉशबर्न व अर्विन डव्होर यांनीं केनियाच्या माळावरील बबूनांचें वर्णन १९६१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत चालत्या कळपाची जी रचना दिली होती ती एखाद्या फौजेच्या कुचासारखी होती: आघाडीस व पिछाडीस दुय्यम नर, मध्यें लेंकुरवाळ्या माद्या, आणि त्यांच्याभोंवतीं सर्वांत बलवान् नर. हें चित्र लोकांस अतिशय आवडलें. माणसाचे पूर्वजहि माळावर असेच चालत असतील, अशी त्यांत सोय होती. पण स्टुअर्ट ऑल्टमन यानें आंबोसेलीच्या बबूनांच्या रांगा शांतपणें मोजून १९७९ सालीं असा प्रश्न केला कीं हा क्रम आहे कीं गोंधळ? त्याच्या मोजणींत रांगेचा बराचसा भाग यदृच्छेनें जमल्यासारखा निघाला. इतर कांहीं अभ्यासकांस नर टोंकांकडे अधिक आढळले हें खरें. तरी कवाइतीचें तें रेखीव चित्र पुन्हां कधीं तितकें रेखीव राहिलें नाहीं.

त्याच्याहि आधीं युगांडाच्या नदीकांठच्या रानांत थेल्मा रॉवेल या बाईंनीं बबूनांचे कळप पाहिले होते. तेथें दिवसाची दिशा ठरवीत त्या वयस्क माद्या, असें त्यांनीं लिहिलें. कारण उघड आहे. बबूनांत काय किंवा आपल्या माकडांत व वानरांत काय, मुली जन्मभर आईच्या कळपांत राहतात आणि मुलगे वयांत आले कीं बाहेर पडतात. जो नर आज कळपांत मिरवितो तो बहुधा परगांवाहून आलेला असतो. कोणत्या घळींत वैशाखांत पाणी टिकतें आणि कोणतें उंबर कधीं पिकतें, हें लहानपणापासून पाहिलेलें असतें तें म्हाताऱ्या मादीनें. घरजांवयाचा आवाज मोठा असला तरी कोठीच्या किल्ल्या त्याच्या हातीं नसतात, हा अनुभव पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. रॉवेलबाईंचें म्हणणें तेव्हां फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

आतां आम्हांस ज्याची हकीकत सर्वांत प्रिय आहे त्या हान्स कुम्मरकडे वळूं. हा स्विस गृहस्थ १९६० च्या सुमारास इथिओपियाच्या रखरखीत प्रदेशांत जाऊन राहिला, आणि त्यानें पाहिले ते लंडनच्या टेकडीवर एकमेकांस फाडणारे तेच हॅमाड्रायस बबून. मोकळ्या रानांत त्यांची वागणूक निराळीच होती. रात्रीं शेंकडों बबून एका कड्यावर झोंपत. सकाळीं ते कड्याच्या माथ्यावर उन्हांत बसत, आणि मग जमावाच्या कडेचा एखादा नर उठून चार पावलें एका दिशेस जाऊन बसे. त्याच्याजवळ आणखी दोघेतिघे जाऊन बसले तर जमावास त्या बाजूनें एक शिंग फुटल्यासारखें दिसे. इतक्यांत दुसऱ्या बाजूनें दुसरें शिंग फुटे. कोणी आलें नाहीं तर पहिला नर उठून मुकाट्यानें परत येई, आणि तें शिंग मिटे. असें करतां करतां एका शिंगांत इतकी गर्दी होई कीं सगळा जमाव तिकडे लोटे. हुकूम कोणीं दिला? कोणींच नाहीं. सूचना पुष्कळांनीं केल्या, आणि एकीस अनुमोदन मिळालें.

कुम्मरनें दुसरी एक गोष्ट टिपली ती याहून सूक्ष्म आहे. कांहीं वेळां दोन नर आपापल्या कुटुंबांसह एकत्र हिंडत. एक तरुण, एक वृद्ध. तरुण पुढें चाले, वृद्ध मागें. पाहणारास वाटे कीं तरुणच नेत आहे. परंतु तरुणानें वाट धरली आणि वृद्ध जागचा हालला नाहीं, तर तरुण थांबे, मागें पाही, आणि दुसरी दिशा धरून पाही. वृद्ध उठला कीं मगच खरी चाल सुरू होई. पुढला सुचवितो, मागला ठरवितो. आमच्या 'पुढारी' या शब्दाची याहून अधिक फजिती कोणीं केली नसेल.

इतका वेळ वाचकांस आफ्रिकेंत हिंडविलें. आतां घरीं येऊं. आंबोलीचा घाट चढून बेळगांव मागें टाकलें कीं धारवाड फार दूर राहात नाहीं. एके काळीं मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या या धारवाडाच्या आसपासच्या रानांत १९६१ ते १९६३ या काळांत जपानांतील युकिमारू सुगियामा व त्याचे सहकारी यांनीं वानरांचा अभ्यास केला. हे क्योटोच्या परंपरेंतले लोक. त्याच परंपरेनें जपानांतील कोशिमा बेटावर १९५३ सालीं एक अपूर्व गोष्ट पाहिली होती: दीड वर्षांच्या एका माकडिणीनें रताळें पाण्यांत धुऊन खाण्यास आरंभ केला, तें तिच्या खेळगड्यांनीं उचललें, मग आईनें उचललें, आणि वयस्क नर सर्वांत मागें राहिले. धारवाडास सुगियामास जें दिसलें तें इतकें सुखद नव्हतें. येथील बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर व अनेक माद्या असत. उरलेले नर माद्यांवांचून वेगळ्या टोळ्या करून भटकत. १९६२ सालीं अशा भटक्या नरांनीं एका टोळीवर चाल करून जुन्या नरास हांकून लावलें. त्यांतला एकच शेवटीं टोळींत टिकला, आणि त्यानंतर टोळींतलीं लहान पिलें त्याच्याकडून मारलीं गेलीं. या वृत्तानें मोठा वाद माजला. नंतर १९७१ पासून सारा ब्लॅफर हर्डी यांनीं अबूच्या पहाडावरील वानरांचा जो अभ्यास केला, त्यावरून हें अपवादात्मक वेड नसून वारंवार घडणारा प्रकार आहे असें दिसून आलें. नव्या नराची कारकीर्द थोडी असते. आधीच्या नराचीं पिलें गेलीं कीं माद्या लौकर पुन्हां प्रजननास तयार होतात. असा त्याचा कठोर हिशेब त्यांनीं मांडला.

आमच्या विषयास यांतलें जें लागतें तें एवढेंच कीं हुप्प्याची गादी सरासरीनें दोन-अडीच वर्षांची असते. इतक्या अवधींत तो टोळीस काय शिकविणार? नर बदलला तरी माद्या त्याच, झाडें तींच, वाटा त्याच. कार्पेंटरच्या नोंदीचा उलगडाहि येथें होतो. सीमेवरचा गडी गेला म्हणजे शेजारी आंत सरकतात व मुलूख लहान होतो. पण उरलेल्या मुलुखांत आज कोणीकडे जावयाचें, हें ठरविणारें डोकें जागच्या जागीं असतें. हुप्प्या घुमतो तो शेजाऱ्यांसाठीं. आम्ही दोन दिवस त्याच्या घुमण्यासच हुकूम समजत होतों.

तरीहि म्हातारीच्या नांवानें नवी गादी निर्माण करण्याची घाई करूं नये. २०१२ सालीं केनियांत एम्पाला येथें अरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन, मार्गारेट क्रोफूट व त्यांचे सहकारी यांनीं बबूनांच्या एका कळपांतील वाढलेल्या प्राण्यांपैकीं बहुतेकांच्या, म्हणजे २५ जणांच्या, गळ्यांत उपग्रहांच्या साह्यानें स्थान टिपणारे पट्टे बांधले. हे पट्टे दर सेकंदास जागा टिपीत. पुढें हिशेब करून २०१५ सालीं त्यांनीं जें प्रसिद्ध केलें तें कुम्मरच्या शिंगांचेंच गणित होतें. कोणीहि उठून वाट धरावी. इतर आले तर ती कळपाची वाट, न आले तर उठणारानें परत यावें. दोघे दोन दिशांस ओढूं लागले आणि त्या दिशांतलें अंतर काटकोनाहून कमी असलें, तर मागचे मधली वाट धरतात; अधिक असलें तर एक बाजू निवडतात, आणि जिकडे अधिक जण असतील तिकडे बहुधा जातात. श्रेष्ठ नराच्या मागें जाण्याकडे विशेष ओढा आढळला नाहीं. उलट बाजूचा पुरावाहि येथें सांगितला पाहिजे. नामिबियांत अँड्र्यू किंग व सहकारी यांनीं रानांतल्या बबूनांसाठीं ठराविक जागीं खाणें ठेवून पाहिलें, तेव्हां श्रेष्ठ नर तिकडे वळला आणि ज्यांस तेथें घांसभरहि मिळण्याची आशा नव्हती तेहि त्याच्या मागून गेले. त्याच्याशीं ज्यांची जवळीक अधिक ते आधीं गेले. हा वृत्तांत २००८ सालचा आहे. तेव्हां खाण्याची रास एका ठिकाणीं पडली म्हणजे दांडग्याचें पुढारीपण वाढतें, आणि खाणें रानभर विखुरलेलें असलें म्हणजे तें पातळ होतें, असा आमचा तर्क आहे. तो आम्ही तर्क म्हणूनच सांगतों. परंतु राजकारणाचा विचार करणाऱ्या वाचकांनीं तो अगदींच टाकून देऊं नये.

हें सर्व ऐकून आमच्या आप्तांनीं सरळ प्रश्न केला: याचा बागेस उपयोग काय? त्यांचा प्रश्न रास्त होता. मोहोर झडतो, कोंवळे नारळ खालीं पडतात, फणस अर्धा खाऊन टाकलेला असतो. वर्षाची मिळकत या टोळीच्या पोटांत जाते, आणि दुर्बीण लावून बसणाऱ्या पाहुण्यास त्याचें कौतुक वाटतें! त्यांचा विचार असा होता कीं हुप्प्या तेवढा धरून दूर सोडला म्हणजे टोळी आपोआप मोडेल. धारवाडाचा वृत्तांत सांगून आम्हीं त्यांस म्हटलें कीं हुप्प्या गेला तर भटक्यांतला दुसरा येईल, कदाचित् पिलें मरतील, आणि महिन्याभरानें म्हातारी त्याच गडग्यावरून त्याच आंब्यावर येईल. "मग म्हातारीस धरूं," असें ते म्हणाले. यावर आम्हांस लौकर उत्तर सुचलें नाहीं. म्हातारी गेली तर टोळी मोडेल कीं नाहीं, हें आम्हीं कसें सांगावें? राईंतलीं उंबरें, घळींतलें पाणी, सड्यापलीकडचीं जांभळें, हें जें रानांतलें खाणेंपिणें आहे त्याचीहि माहिती तिच्याच डोक्यांत आहे. ती गेल्यावर उरलेल्या पोरांस एकच जागा ठाऊक राहिली, आणि ती म्हणजे आमच्या आप्तांची बाग, तर काय होईल?

म्हाताऱ्यांचें असें जाणें ही केवळ कल्पना नव्हे. १९५७ सालीं शिमोग्याकडील क्यासनूरच्या रानांत प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ सालीं सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यांत उतरला. गोचिडींतून पसरणाऱ्या या रोगानें काजूच्या हंगामांत रानांत जाणारीं माणसें दगावलीं, आणि माणसांच्या आधीं रानांत वानर व माकडें मरून पडलीं. मेलेल्यांची गणती होते. पण त्यांत वाट माहीत असलेल्या किती होत्या, याची नोंद ठेवण्याची रीत नाहीं. त्याच दोडामार्गांत या शतकाच्या आरंभीं कर्नाटकांतून रानटी हत्ती उतरले. हत्तींच्या कळपांत म्हाताऱ्या हत्तिणीची स्मृति म्हणजे कळपाची पुंजी, हें आतां सर्वमान्य झालें आहे. तिच्यासाठीं लोक हळहळतात. वानरिणीच्या वांट्यास अजून तेवढा मान आलेला नाहीं. ती लहान आहे, आणि आमच्याच छपरावर नाचते.

निघण्याच्या आदल्या दिवशीं सकाळीं आम्ही पुन्हां गडग्याजवळ जाऊन बसलों. राखण करणारे वृद्ध गृहस्थ बेचकी मांडीवर ठेवून शेजारीं होते. म्हातारी नेहमींप्रमाणें उंबरावरून उतरली, गडग्यावर आली, बसली, आणि तिनें मागें पाहिलें. कोणी आलें नाहीं. ती कांहीं वेळ तशीच बसून राहिली. वर राईंत एक तरुण लेकुरवाळी मादी पलीकडच्या अंगास सरकत होती. तिच्यामागें दुसरी गेली, मग पोरें गेलीं. हुप्प्या शेंड्यावर घुमतच होता. म्हातारीनें आणखी एकदां वळून पाहिलें, हळूहळू उंबर चढली, आणि सगळ्यांच्या शेवटीं सड्याच्या बाजूस दिसेनाशी झाली.

आम्हीं वृद्ध गृहस्थांकडे पाहिलें. "आज कोणी तिचा आयकूक नाय," ते म्हणाले, आणि बेचकी खिशांत घालून चहास उठले.